मुक्या जागांची वही

सोमवार, ४ मार्च

भावोजी,

वर काय लिहावं यात अर्धा तास गेला. शेवटी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी जी हाक मारत होते तीच मारावी. पत्ता तुमच्या पुतणीने दिला. तुमचं आणि तिचं फोनवर बोलणं असतं हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. एका घरात राहून आम्ही मायलेकी त्याबद्दल कधी बोललो नाही.

घाबरू नका, घरी सगळं ठीक आहे. काम फायर स्टेशनचं आहे.

आपला जुना वायरलेस सेट काढतायत. तोच करड्या पत्र्याचा, ज्याच्या उजव्या अंगाला तुम्ही थाप मारली की आवाज सुधारायचा. मीही तिथेच थाप मारते. तिथला रंग पार उडालाय. त्याच्या जागी डिजिटल ट्रंकिंग येणार आहे. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण मला कळलंय हे दाखवायची हौस आहे, म्हणून सांगते. आत्तापर्यंत सगळ्या बंबांना मिळून एकच वाट होती. एक बोलत असला की बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. आता पाच वाटा आणि त्यांच्यावर एक कॉम्प्युटर. बटण दाबलं की मोकळी असेल ती वाट तो देतो. बँकेत पूर्वी प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असायची, आता सगळ्यांची एकच रांग आणि जी खिडकी रिकामी होईल तिथे आपण जायचं, तसं. पुस्तिका जाडजूड, तीही परक्या भाषेतली. मी सातवी शिकलेली बाई. वाचनालयातून शब्दकोश आणला आणि रोज चार पानं उलगडली. कादंबरी वाचताना लागतो त्याहून दुप्पट वेळ लागला आणि शेवट तितकासा रंगला नाही.

कंपनीचा इंजिनिअर आलाय. पन्नाशीचा, इतका उंच की कंट्रोल रूमच्या दारातून वाकून आत येतो. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा जिराफ करून टाकला. माणूस चांगला आहे, पण त्याची सगळी तपासणी जीपमधून. रस्त्यारस्त्याने फिरतो, आकडे बघतो आणि नकाशात हिरवा रंग भरतो. सगळं गाव हिरवंगार झालंय.

मी म्हटलं, “साहेब, आग रस्त्यावर लागत नाही.”

तो म्हणाला, “मग कुठे तपासू ते सांगा, बाई.”

इथे मी अडकले. कारण याचं उत्तर तुमच्याकडच्या निळ्या वहीत आहे. तुम्ही आणि हे, दोघं भाऊ सुट्टीच्या दिवशी गावभर हिंडून कुठल्या तळघरात, कुठल्या जिन्याखाली, कुठल्या लिफ्टमध्ये वॉकी-टॉकी मुका होतो ते लिहून ठेवत होतात ती. जाताना तुम्ही ती नेलीत. ३० एप्रिलला मोठे साहेब नव्या कामावर सही करणार आणि जुना सेट बंद होणार. त्याआधी त्या जागा तपासल्या नाहीत तर कंपनी गाशा गुंडाळून जाईल आणि आपली पोरं मुका सेट घेऊन तळघरात उतरतील.

वही पाठवा. झेरॉक्स चालेल.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही.

वहिनी

ता. क. थाप मारल्यावर सेट का सुधारतो, ते जिराफाला विचारलं. म्हणाला, आत एखादा सांधा सैल असेल. इतक्या वर्षांत उघडून कुणीच बघितलं नाही. थापेवर चालत होतं ना.

गुरुवार, २१ मार्च

भावोजी,

सतरा दिवस झाले. टपालखात्याला दोष देऊन बघितला, पण तुमची पुतणी म्हणाली, “काकांना पत्र मिळालंय, आई. खिशात घेऊन फिरतायत.” खिशात घेऊन फिरायला मी ते लिहिलं नव्हतं.

तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून इथली गंमत सांगते. काल सगळ्यांना नवे सेट दिले आणि शिकवणी झाली. नवा नियम असा की बटण दाबायचं, ‘पी’ असा आवाज येईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं. थांबलं नाही तर पहिला शब्द गिळला जातो. आपल्या पंपमामांना थांबणं कधी जमलंय? बंबाच्या पंपाजवळ उभं राहून त्यांनी सराव म्हणून “पाणी संपलं” असं सांगितलं. कंट्रोल रूममध्ये नुसतं “संपलं!” एवढंच आलं. स्टेशन ऑफिसर खुर्चीतून ताडकन उठले. मामा म्हणाले, “मी अजून जिवंत आहे, साहेब, बसा.”

हसणं ओसरल्यावर मागून कुणीतरी विचारलं, “आणि टिकटिक कशी करायची?”

जिराफाला कळेना. आम्ही समजावलं. हात गुंतलेले असले, धुरात तोंड उघडता येत नसलं की जवान बटण दोनदा दाबून सोडतो, इकडे टिक टिक ऐकू येतं, म्हणजे ‘ऐकलं’. कुठल्या पुस्तकात हे नाही. जुन्या लोकांनी पाडलेली पद्धत.

जिराफ म्हणाला, “ते आता बंद. नुसत्या बटणाचा आवाज जाणारच नाही. कंट्रोलच्या पडद्यावर त्या सेटचा नंबर तेवढा उजळेल.”

माझ्याकडे कुणीच बघितलं नाही, त्यावरूनच मला कळलं की सगळ्यांना तेच आठवलं.

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहिते.

कापडाच्या गोदामाचं तळघर. दोन जवानांना घेऊन हे आत होते. तुम्ही कंट्रोलच्या खुर्चीत. छत धरणार नाही असं दिसल्यावर तुम्ही हुकूम दिलात, सगळे बाहेर या. नियमाप्रमाणे उत्तर यायला हवं होतं, ‘ऐकलं, येतो.’ आलं टिक टिक. तुम्ही नोंदवहीत ‘उत्तर मिळाले’ असं लिहिलंत आणि ॲम्ब्युलन्सकडे वळलात. दोघे जवान वर आले. हे आले नाहीत. तुम्ही पुन्हा विचारलंत ते चार मिनिटांनी.

आणि घरात, सगळ्यांच्या देखत, मी तुम्हाला म्हटलं, “दोन टिकटिकींवर माझा माणूस सोडून दिलात? एकदा तोंडाने विचारायला काय झालं होतं?” तुम्ही उभे होतात तसेच गेलात. महिन्याने नोकरी सोडलीत, गावही सोडलंत.

मग यांच्या जागी मला नोकरी मिळाली आणि त्यांनी बसवलं ते नेमकं तुमच्या खुर्चीत.

आता जे सांगणार आहे ते कुणालाच माहीत नाही, तुमच्या पुतणीलासुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी थिएटरला आग लागली होती. पोरं पडद्यामागे होती. मी हुकूम दिला, बाहेर या. टिक टिक आलं. तेवढ्यात दुसरा फोन वाजला, तिसरा बंब पत्ता विचारायला लागला. माझ्या हाताने नोंदवहीत लिहिलं, ‘उत्तर मिळाले.’ लिहून झाल्यावर ते अक्षर मी बघितलं. पोरं बाहेर आली, पाणी प्यायली, एकमेकांच्या काळ्या तोंडांना हसली. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन काही न खाता झोपले.

तुमच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझे सगळे बाहेर आले.

त्या खुर्चीत बसल्याशिवाय हे कळत नाही. पण कळल्यावरही सहा वर्षं मी तुम्हाला कळवलं नाही. कारण लाज. दुसरं कुठलं कारण शोधूनही सापडत नाही. मी बोलले ते चुकलं, भावोजी. अशा वेळी सुचावं म्हणून मी इतकी पुस्तकं वाचली, आणि आता हे एवढंच वाक्य लिहिता येतंय.

वही पाठवा. झेरॉक्स नको, तीच पाठवा. मला बघायची आहे.

वहिनी

बुधवार, ३ एप्रिल

भावोजी,

पाकीट मिळालं. खाकी कागद, तुमची ती दोऱ्याची गाठ, जी सोडवायला माणसाने रजा काढावी. आत वही. उलटी धरून झटकली, पानन्‌पान चाळलं. पत्र नाही. चिठ्ठी नाही. साधं ‘वही पाठवत आहे’ असंही नाही.

वहीबद्दल आधी सांगते. एकेचाळीस जागा आहेत. मला वाटत होतं सगळं तुमचं अक्षर असेल. अकराव्या पानापासून यांचं निघालं. ‘बँकेची तिजोरीची खोली: मुका. मॅनेजर घाबरट, चहा चांगला.’ ‘जुनं इस्पितळ, क्ष-किरण विभाग: मुका. दारात उभं राहिलं तर कुजबुज.’ आणि एके ठिकाणी, ‘आमचं स्वयंपाकघर, फ्रिजमागे: मुका. ही तिथे असली की माझंही तेच.’ मी कंट्रोल रूममध्ये मोठ्याने हसले. स्टेशन ऑफिसर बघायला आले. तो माणूस असा अजून घरात काहीबाही ठेवून गेलेला सापडतो. चष्म्याच्या घरात बसचं तिकीट, कपाटाच्या दारामागे पेन्सिलने लिहिलेली पोरीची उंची. पूर्वी असं सापडलं की दिवस रडण्यात जायचा. आता दिवस बरा जातो.

जिराफाने वही दोन्ही हातांनी घेतली. उभ्याउभ्या सात-आठ पानं वाचली आणि म्हणाला, “हे काम करायला माझी कंपनी सहा माणसं पाठवते, आणि तरी होत नाही.” सोमवारपासून तो पायी निघणार आहे, वहीतल्या प्रत्येक जागी.

आता तुमच्याबद्दल. वही पाठवलीत, फार मोठं काम केलंत. पण बिनपत्राची पाठवलीत. भावोजी, ही टिकटिक झाली. यातून मी काय समजायचं? ‘ऐकलं’ की ‘ही घ्या वही आणि माझा पिच्छा सोडा’? मला जे बरं वाटेल ते मी समजून घेईन आणि नोंदवहीत ‘उत्तर मिळाले’ लिहून मोकळी होईन. एकदा तुम्ही तसं लिहिलंत, एकदा मी लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिणार नाही.

तोंडाने सांगा. शिव्या द्यायच्या असतील तरी चालेल, पण तोंडाने द्या.

वहिनी

मंगळवार, १६ एप्रिल

भावोजी,

एकेचाळीसपैकी नऊ जागी नवा सेटही मुका निघाला. त्यातली एक कुठली ते सांगायला नको.

तिथे मी स्वतः गेले. इतकी वर्षं तो रस्ता टाळून बाजारात जात होते, लांबून वळसा घालून. जिराफ म्हणाला, “बाई, तुम्ही वर थांबा.” मी म्हटलं, “वर थांबून अकरा वर्षं झाली.” बावीस पायऱ्या आहेत. इमारत नवी बांधली, पण तळघर तेच. आता तिथे भाड्याच्या खुर्च्या ठेवतात, एकात एक घातलेल्या, छतापर्यंत. रंगाचा वास येत होता. एका कोपऱ्यात रखवालदाराची सायकल होती. मी उभी राहिले. वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. थंड होतं, एवढंच.

बटण दाबलं. जुना सेट असता तर खरखरीतून निदान अर्धा शब्द गेला असता. नव्याने ‘बॉं’ केलं आणि गप्प. टॉवर सापडत नाही म्हणे. जिराफाचा चेहरा पडला. त्याने खिशातून लाल पेन्सिल काढली, मी त्याच्याकडे ती पहिल्यांदाच बघितली.

मग मात्र तो झटला. मोठ्या साहेबांना सांगितलं, हे झाल्याशिवाय सही मागणार नाही. प्रत्येक बंबावर एक छोटा रिपीटर बसवला. तळघरातला आवाज तो पकडतो आणि टॉवरकडे पोचवतो. शिवाय सेटला एक खटका आहे, तो फिरवला की आतली पोरं टॉवरशिवाय आपापसांत बोलू शकतात.

शुक्रवारी पुन्हा परीक्षा. मी कंट्रोलवर, जवान तळघरात, मामा वर बंबाजवळ. सरावाचा हुकूम मीच दिला, “तळघर, सगळे बाहेर या.” पडद्यावर सात नंबर उजळला. आवाज नाही. सात म्हणजे बंबावरचा सेट, मामांचा. मी म्हटलं, “सात नंबर, तुम्ही तळघरात नाही. तुम्हाला कुणी बोलावलं?” वाटांवर हशा पिकला. मग तळघरातून आलं, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावं तसं, “ऐकलं, येतो.”

पडद्यावरचा सात नंबर विझला.

संध्याकाळी मामा कंट्रोल रूममध्ये आले. ते कधी बसत नाहीत, आले ते बसलेच.

“ताई, मी नेहमीच दाबतो.”

“आज बघितलं ना पडद्यावर.”

“हुकूम ऐकला की बोट आपोआप जातं. माझ्यासाठी असो नसो. तीस वर्षांची सवय.” मग बराच वेळ टोपी फिरवत बसले. “त्या दिवशीही बंबाजवळ मीच होतो, ताई.”

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी पडद्याकडे बघितलं, उगाच.

“इतक्या वर्षांत हे डोक्यात आलं नाही,” मामा म्हणाले. “आज तुम्ही ‘सात नंबर’ म्हणालात तेव्हा आलं. तुमच्या दिराने माझी टिकटिक आपल्या दादाची समजली असेल.”

मामांवर ओरडावंसं वाटलं नाही. पूर्वी एकदा ओरडून बघितलं होतं, त्याने कुणी वर आलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. ते ग्लास धरून रडले, मी खिडकी लावली, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. ते तुम्हाला स्वतः लिहिणार आहेत. त्यांचं लिहिणं म्हणजे पुढच्या वर्षी पोचेल, म्हणून मी आधी कळवते.

ती टिकटिक त्यांचीच होती की यांची, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. दोन माणसांच्या टिकटिकीत फरक नसतो. पण तुम्ही ऐकलंत ते खोटं नव्हतं. कुणीतरी खरंच बटण दाबलं होतं.

एका गोष्टीचं मला समाधान आहे. माझं ते पत्र याआधी गेलं होतं. नाहीतर तुम्हाला वाटलं असतं, पुरावा मिळाल्यावर वहिनी नमली.

मी वाट बघतेय.

वहिनी

गुरुवार, २ मे

भावोजी,

चाळीस सेकंदांत फोन ठेवला म्हणून रागावला नाहीत ना? तो आगीच्या वर्दीचा फोन आहे. तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसलेले, तुम्हाला घरचा नंबर फिरवायला काय झालं होतं? पण असो. राहिलेलं लिहिते.

मंगळवारी दहाला सगळे बंब नव्या सेटवर आले. मी एकेकाला हाक मारली, प्रत्येकाने तोंडाने उत्तर दिलं. मामा ‘पी’ होईपर्यंत थांबले आणि मग इतके मोठ्याने बोलले की सेटची गरजच नव्हती. मोठ्या साहेबांनी सही केली आणि मला म्हणाले, “बाई, जुना तुम्हीच बंद करा.” मी खटका खाली केला. आत काहीतरी गुणगुणायचं ते थांबलं. ते गुणगुणत होतं हे थांबल्यावर कळलं. पत्रा थोडा वेळ गरम होता, मी हात ठेवला होता तोवर.

जिराफाने जाता जाता तो उघडला. उजव्या अंगाला खरंच एक स्क्रू सैल होता. त्याने पेचकस लावला, एक फेरा दिला. “झालं,” म्हणाला. एवढंच होतं. सेट भंगारात जाणार होता, मी साहेबांकडून मागून घेतला. घरी आहे, यांच्या टेबलावर. तुम्हाला तिकडच्या तुमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात उपयोग असेल तर न्या, नसेल तर राहू दे, मी त्यावर पुस्तकं ठेवलीत.

दहा बावन्नला फोन वाजला. मी म्हटलं, “अग्निशमन केंद्र, बोला.” कुणी बोलेना. मागे पंख्याची घरघर आणि कुणीतरी श्वास घेतंय. मी ओळखलं. बारा-तेरा सेकंद गेले असतील. खुर्चीत बसून सेकंद मोजायची सवय झाली आहे. मी म्हटलं, “ऐकू येत नाही. तोंडाने सांगा.”

आणि तुम्ही म्हणालात, “वहिनी. ऐकलं. येतो.”

मी “बरं” म्हणून फोन ठेवला. डोळे पुसले, नोंदवही ओढली आणि लिहिलं: १०.५२, बाहेरगावचा फोन. उत्तर मिळाले, तोंडी.

संध्याकाळी स्टेशन ऑफिसर नोंदी तपासत होते. म्हणाले, “ही कसली वर्दी?”

म्हटलं, “जुनी होती, साहेब. आज मिटली.” त्यांनी सही केली.

पुतणी सांगत होती, ११ तारखेची गाडी आहे. शनिवारी मला सुट्टी आहे. घर तेच, फक्त फाटकाचा रंग बदललाय. तुमची खोली झाडून ठेवलीय. मामा जेवायला येणार आहेत. ते आधी काही बोलू शकणार नाहीत, तुम्हीच बोला. दारावरची बेल चालते, पण ती दोनदा वाजवून नुसते उभे राहू नका.

हाक मारा.

वहिनी